उमरेडच्या दिवसांची गोळी

तीन गोळ्या चालू असूनही बायकोचं ब्लडप्रेशर आटोक्यात येईना, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यात चाललेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. अशा पेशंटपैकी काहींना चौथी गोळी, तर काहींच्या मांडीतून बारीक नळी घालून किडनीकडच्या नसांवर उपचार. कोणाला काय, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार. तिला नळीची धास्ती होती. त्याआधी दोन आठवडे घरी मोजून लिहून आणायचं होतं.

माझी नोकरी आकड्यांचीच, म्हणून वही माझ्याकडे. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसवायचं, दोनदा मोजायचं, सरासरी लिहायची. सकाळी चहानंतर तिच्या तळहातावर तिन्ही गोळ्या मीच ठेवायचो, वहीत खूण करायचो आणि ऑफिसला निघायचो.

तेराव्या दिवशी मी आकडे वारांप्रमाणे मांडून पाहिले. एरवी वरचा आकडा दीडशेच्या आसपास. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी मात्र १६८, १७०, १७२, १६९. त्या दोन दिवशी ती मनीषनगरच्या आमच्या घरून निघून एसटीने तासाभरावरच्या उमरेडला माहेरी जाते. तिची आई अंथरुणाला खिळलेली आहे.

"ही प्रवासाची दगदग दिसते," मी म्हणालो.

"दगदग नाही जी," मेथी निवडता निवडता ती म्हणाली. "त्या दिवशी मी ती लघवीची गोळी घेतच नाही."

"काहून? मी तर रोज हातावर ठेवतो!"

"ठेवता, अन् वहीत डोकं घालता. माझ्या तोंडाकडे कधी पाहता? ती घेतली का अर्ध्या-अर्ध्या तासानं जा लागते मले. एसटीत कुठं जाऊ? एकदा बसा उमरेडपर्यंत, मंग करा खूण."

"मग सांगायचं नाही का वं?"

"कोणाले? डॉक्टरनं मले विचारलं, रोज घेता का. 'हो' तुम्ही म्हटलं!"

म्हटलं होतं खरं.

तिने पर्समधून एक डबी काढली. औषध फेकवत नाही म्हणून तिने त्या गोळ्या जपून ठेवल्या होत्या. मी मोजल्या. सव्वीस. ती गोळी सुरू होऊन बरोबर तेरा आठवडे झाले होते.

वहीतल्या त्या चार दिवसांच्या खुणा मी लाल पेनाने खोडल्या आणि वही व डबी दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवली. या वेळी बोलली ती. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. उमरेडच्या दिवशी ती गोळी घरी परतल्यावर घ्यायची, असं त्यांनी लिहून दिलं. महिनाभर आकडे पाहू, अभ्यासाचं नंतर ठरवू, म्हणाले.

आता खूण ती स्वतः करते, गोळी गिळल्यावर. गेल्या मंगळवारी संध्याकाळी १४४ आला. अजून जास्तच आहे. पण परवा वही पाहिल्यावर डॉक्टरांनी नळीचा विषय काढला नाही, आणि बाहेर आल्यावर तिने रस्त्यातच माझ्याकडे वही मागून तो आकडा पुन्हा एकदा पाहून घेतला.