सासऱ्यावर बंदी नाही

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, भर थंडीतही सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून हिंडायचे. अमरावतीजवळ वलगाव रस्त्यावर माझा क्रीमचा छोटासा, परवान्याचा कारखाना आहे. तिथल्या प्रत्येक नव्या मिश्रणाचा पहिला ठिपका मामाजींच्या हातावर पडे. सौंदर्यप्रसाधनांची चाचणी प्राण्यांवर करायला बंदी आहे, हे मी एकदा बोलून गेले. त्यावर ते म्हणाले, "बंदी जनावरायवर हाये नं? सासऱ्यावर थोडीच हाये!"

क्रीममधलं तेल आणि पाणी वेगळं होऊ नये म्हणून इमल्सिफायर घालावा लागतो. मामाजी त्याला ‘मध्यस्थ’ म्हणत. मास्तरकी सांभाळून त्यांनी गावोगावच्या सोयरिकी जुळवलेल्या. "मध्यस्थ खोटा निंघाला तं दोन्ही घरं बोंबलतात," असा त्यांचा अनुभव.

एका दिवाळीच्या तोंडावर मोठी ऑर्डर आली आणि नेमका नेहमीचा इमल्सिफायर मिळेना. अकोल्याच्या एका व्यापाऱ्यानं दुसरा पाठवला. तपासणीचा दाखला नंतर देतो म्हणाला. मी थोडं क्रीम करून मामाजींच्या हाताला लावलं.

"झकास!" त्यांनी सकाळी निकाल दिला. पण बाह्या मनगटापर्यंत, वर बटणं लावलेली. दुपारी पाहते तर स्वारी म्हशीसारखी दाराच्या चौकटीला हात घासतेय. बाही वर केली. लालभडक चट्टा!

"मामाजी, काहून लपवलं?"

"तुई ऑर्डर बुडाली असती नं, बाई."

"अन् हेच पोरींच्या तोंडावर उठलं असतं तर?"

 रात्री मामाजी नीट जेवले नाहीत. सकाळी त्या इमल्सिफायरचा डबा काखोटीला मारून अकोल्याच्या एसटीत बसले. व्यापाऱ्यापुढे हात धरून म्हणाले, "दाखला नसंन तं हे वाच." डबा तिथंच ठेवून परत आले. ऑर्डर गेली.

मग मी सगळ्या चाचण्या प्रयोगशाळेकडे सोपवल्या. मामाजी रुसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "सुनेनं मले कामावरून काढलं. साधी नोटीस बी नाही देली!"

गेल्या वर्षी शेवटच्या आजारपणात मी दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसले होते. म्हटलं, "मामाजी, नव्या क्रीमचा रिपोर्ट चांगला आला."

"मंग आण थोडं. हात फुटून राहिले माये."

मी पिशवीतली डबी उघडली, बोटं एकेक करून चोळली. क्रीम कसं आहे, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. चोळता चोळताच त्यांना झोप लागली होती.