डावा स्पीकर

बाजारात तिला सगळे ठिणगी म्हणत. तोंडावर नाही, एवढी कुणाची छाती नव्हती. स्टिरिओ दुरुस्तीचं वडिलांचं दुकान ती चालवायची आणि गिऱ्हाइकांना हाकलूनही तीच लावायची. कुणी इवलासा ॲम्प्लिफायर आणि कपाटाएवढे स्पीकर घेऊन आलं आणि "आवाज फाटतो हो" म्हणालं, की तिचा पारा चढलाच. "फाटणार नाही तर काय? त्या बिचाऱ्याचा जीव केवढा, ओझं केवढं! आधी खोली बघा, मग स्पीकर, मग त्यांना पेलेल असा ॲम्प्लिफायर. तारांचे लाड सगळ्यात शेवटी." एका साहेबांनी तिला अंगठ्याएवढ्या जाड, सोनेरी टोकांच्या तारा मोठ्या कौतुकाने दाखवल्या होत्या. त्यांचे स्पीकर घरी सोफ्यामागे कोंबलेले. तिने तारा त्यांच्याच हातात परत दिल्या आणि आधी सोफा सरकवा म्हणून सांगितलं. ते पुन्हा फिरकले नाहीत. तिला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

पण तिचा खरा राग होता तो सख्ख्या भावावर.

वडिलांनी शेवटची जोडी बनवली ती घरासाठी. लाकूड त्यांनी तासलं, आतली जोडणी तिने केली, आणि कितीतरी ॲम्प्लिफायर लावून बघून दोघांनी त्या स्पीकरना साजेसा एक निवडला. दादाने यातल्या एका स्क्रूलाही हात लावला नव्हता. तरी वडील गेल्यावर 'थोरला आहे' म्हणून सगळा संच त्याच्या बैठकीच्या खोलीत गेला. ती तेव्हा गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याचा तिला अजून संताप यायचा.

गेल्या वर्षापासून दादाने टुमणं लावलं होतं. डावा स्पीकर मेलाय म्हणे. गाणाऱ्याचा आवाज समोर मधोमध हवा, तर तो उजव्या कोपऱ्यात जाऊन बसतो. त्याने तारा बदलल्या, पुन्हा बदलल्या, मग शोरूममधून नवा ॲम्प्लिफायर आणला. घरात बहीण याच धंद्यातली, पण तिला एका शब्दाने विचारलं नाही. आणि आज सकाळी फोनवर म्हणाला, "बाबांनी शेवटी शेवटी काय जोडून ठेवलं कोण जाणे. भंगारवाला येतोय दुपारी. दोन्ही देऊन टाकतो."

तिने सोल्डरिंग गन बंद केली, शटर खाली ओढलं आणि तडक निघाली. रस्ताभर मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होती.

वहिनींनी दार उघडलं. "बरं झालं आलात, वन्सं. तुम्हीच सांगा काहीतरी."

"तू मध्ये पडू नकोस," दादा आतून गरजला.

"पडणार! बाबांचं काम भंगारात घालायला तू कोण? त्या खोक्यांत काय आहे ते तरी माहीत आहे का तुला?"

"मला कान आहेत!"

"मग बस खुर्चीत आणि ऐक."

दोष शोधायची वडिलांची रीत साधी होती. एकेका वस्तूची अदलाबदल करायची; दोष जिच्याबरोबर सरकेल, ती गुन्हेगार. तिने गाणं लावलं आणि ॲम्प्लिफायरमागच्या डाव्या-उजव्या तारा उलट्या जोडल्या.

"आता?"

"डावाच मेलेला."

म्हणजे ॲम्प्लिफायर निर्दोष. तिने दात-ओठ खात स्पीकर उचलले, डावा उजवीकडे नेला, उजवा डावीकडे आणला.

"आता?"

"डावाच."

तिला तर गाणारा मधोमध, स्वच्छ ऐकू येत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मुद्दाम करतोयस तू! हाच मघाशी उजवीकडे होता ना? तेव्हा चांगला होता आणि जागा बदलल्यावर मेला?"

"जे ऐकू येतंय तेच सांगतोय!" तोही लाल झाला होता.

आता बदलायचं राहिलं होतं ते फक्त खुर्चीतलं माणूस. "ऊठ," ती म्हणाली. तिने खुर्ची फिरवली आणि त्याला स्पीकरकडे पाठ करून बसवलं. "आता कुठला?"

दादाने वैतागून हात केला. त्याचा डावा हात. त्याने दाखवला तो स्पीकर क्षणापूर्वी त्याच्या लेखी अगदी ठणठणीत होता.

गाणं चालूच होतं. वहिनी हळूच म्हणाल्या, "हल्ली फोन उजव्याच कानाला लावतात. डावीकडून हाक मारली की माझ्यावर ओरडतात, पुटपुटू नकोस म्हणून."

"तू काहीतरी केलंस," दादा म्हणाला, पण त्यात जोर नव्हता. मग त्याने विचारलं, "तो बाबांचा... बरोबर वाजतोय?"

"सुरेख वाजतोय."

तो मान खाली घालून बसला. तिला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखीच राग आला. वर्षभर या माणसाने तारांना दोष दिला, बायकोला दिला, गेलेल्या बापाला दिला, आणि डॉक्टरची पायरी चढला नाही.

"चपला घाल," ती म्हणाली. "कान दाखवून येऊ."

"अगं, पण भंगारवाला..."

"त्याला वहिनी बघतील!"

"बघते की," वहिनी म्हणाल्या.

दादा हलला नाही. "चपला घाल म्हणते ना!" ती खोली दणाणून ओरडली. मग त्याच्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि तेच पुन्हा, हळू आवाजात म्हणाली.