सक्सेना सरांची शिक्षा

कुठून सुरुवात करू, तेच समजत नाही बघा! परक्या भाषेत फजिती झाली असती तर मी कुणाला सांगितलीही नसती. त्यात काय विशेष? पण मी माझ्या मातृभाषेत तोंडावर आपटले, तेही थेट पुण्याच्या बाईंसमोर! चहा घ्या हातात आणि हसायचं तेवढं हसून घ्या. आता मीही हसते. तेव्हा मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं होतं.

मी झाशीची. खंडेराव गेटजवळ आमचं घर. आमचे कुणी पूर्वज पूजाअर्चेसाठी वाईकडून इकडे आले आणि इकडचेच झाले. बाबा रेल्वेत कारकून. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि नळावर भांडायचं असेल तर बुंदेली, असा आमचा कारभार. आई म्हणायची, "शालू, डबा खाली झाला गं, भरून ठेव." मी भरून ठेवायचे. कुणाला काही खटकायचं नाही. खटकणार कुणाला? सगळे तसेच बोलणारे!

तर मी बी.ए. करत होते आणि विषय घेतला होता कलेचा इतिहास. माझे एक मामा दर दिवाळीला विचारायचे, "इतिहास समजला, पण कलेचा इतिहास शिकून नोकरी कसली लागते गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे सक्सेना सर होते.

अहो, काय माणूस! पन्नाशी उलटलेली, ढेरी सुटलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पण भिंतीवर स्लाइड पडली की सर हातातली छडी ठेवायचे आणि त्या पडद्यावरच्या यक्षीसारखे स्वतः उभे राहायचे. एक पाय सैल, कंबर एका बाजूला, मान दुसऱ्या बाजूला. "ये देखो बेटा, त्रिभंग!" शपथेवर सांगते, ती ढेरी दिसायचीच नाही. यक्षीच दिसायची! मग आम्हाला सगळ्यांना तसंच उभं करायचे. म्हणायचे, "जब तक अपनी कमर में नहीं समझोगे, पत्थर में क्या समझोगे?" रविवारी तर घरी बोलवायचे. सरांच्या मिसेस गरम कचोऱ्या तळायच्या आणि सर फोटो पसरून शिकवत बसायचे.

एक दिवस सरांनी वर्गात जाहीर केलं की पुण्याहून डॉ. टिपणीस येणार आहेत. भित्तिचित्रांच्या मोठ्या जाणकार. त्यांचं पुस्तक सर आम्हाला हात धुऊन उघडायला लावायचे, एवढ्या मोठ्या! झाशीतल्या जुन्या देवळांमधली चित्रं त्या बघणार होत्या. आणि उन्हाळ्यात सुट्टीभर त्या चित्रांची नोंद करायला आमच्यातला एक विद्यार्थी निवडणार होत्या.

"शालिनी," सर म्हणाले, "तुम तो मराठी हो. मैडम के साथ तुम ही रहोगी."

मी तर हवेतच! घरी सांगितलं तर बाबा माझ्यापेक्षा जास्त हवेत. म्हणाले, "पुण्याच्या लोकांसमोर शुद्ध बोल हं. झाशीची इज्जत आहे."

म्हटलं, बाबा, तुम्ही काळजीच करू नका.

सकाळच्या गाडीनं बाई आल्या. सुती साडी, खांद्याला झोळी, पायात चपला आणि डोळे असे की फलाटावरच्या छपराचे लोखंडी खांबसुद्धा थांबून बघत होत्या. मी पुढे झाले, वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "बाई, झाशीत आपलं स्वागत आहे."

सरांनी माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. कानाशी येऊन म्हणाले, "बाई? पागल हो गई हो? बाई तो हमारे यहाँ बर्तन माँजने आती है! डॉक्टर साहिबा कहो!"

"सर, मराठी में टीचर को बाई ही कहते हैं. और अपनी रानी साहिबा भी तो बाई ही थीं."

झाशीत राहून यावर कोण काय बोलणार? पहिली फेरी मी जिंकले. तिथेच थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही! मी बाईंकडे वळून छाती पुढे काढून म्हटलं, "बाई, तुम्ही बिलकुल चिंता करू नका. तुम्ही झाशीत आहात तोवर मी तुमची पूर्ण चेष्टा करणार."

बाईंची भुवई वर गेली.

आता तुम्हाला ठाऊक आहे, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मला मात्र तेव्हा वाटत होतं की तो अस्सल मराठी शब्द आहे. म्हणून मी आणखी घोळून सांगितलं, "सरांनीच सांगितलंय. म्हणाले, चेष्टेत कमी पडू नकोस."

"असं म्हणाले?" बाईंनी सरांकडे पाहिलं. सर बिचारे हात जोडून हसत उभे.

मग आम्ही रिक्षात बसलो. सर पुढे चालकाशेजारी अर्धे बाहेर लटकलेले, मागे बाई आणि मी. बाईंनी सहज विचारलं, "कसे आहेत गं तुमचे सर?"

"सर? फार शिक्षा देतात, बाई!"

"शिक्षा?"

"खूप! कॉलेजात तर देतातच, रविवारी घरी बोलवून पण देतात. मुलांना आणि मुलींना बरोबर. भेदभाव नाही."

"काय सांगतेस! कसली शिक्षा?"

"उभं करतात ना! कंबर एकीकडे, मान एकीकडे. पाय दुखेपर्यंत."

"अगं, आणि तुमचे आईवडील काही बोलत नाहीत?"

"ते कशाला बोलणार? बाबा म्हणतात, असे शिक्षा देणारे सर नशिबानं मिळतात!"

बाईंनी माझ्या पाठीवरून मायेनं हात फिरवला. मला वाटलं, बघा, सरांची कीर्ती ऐकून बाईंना भरून आलं. पुढून सरांनी मागे वळून विचारलं, "मैडम, आराम से बैठी हैं ना?" तर बाईंनी मानच फिरवली!

त्या दिवसापासून बाई सरांशी कामापुरतं बोलू लागल्या. सरांनी चहा पुढे केला की "नको." सरांनी खुर्ची दिली की उभ्याच. सर मला कोपऱ्यात गाठून विचारायचे, "बेटा, मुझसे कोई गलती हुई क्या?" मला तरी काय माहीत! मी म्हटलं, "सर, पुणे के लोग ऐसे ही होते हैं." पुण्याची माफी मागते, पण तेव्हा मला तेच सुचलं.

लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याच्या बाजूला एक छोटंसं जुनं देऊळ आहे. आम्ही तिथे गेलो. छताजवळ चित्रांची पट्टी होती, धुरानं काळी पडलेली. बाई खाली बसल्या होत्या आणि मी शिडीवर.

"हत्तीच्या वर काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"वर? वर खाली आहे, बाई."

"वर की खाली?"

"वर."

"वर काय आहे?"

"खाली."

"अगं, खालचं मला दिसतंय. वरचं सांग!"

"वरचंच सांगतेय! वर सगळं खाली आहे. खाली मात्र खाली नाहीये, खाली हत्ती आहे!"

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग पदर खोचला आणि त्या वयात स्वतः शिडी चढून आल्या. वरची रिकामी जागा पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि उतरल्या. सरांनी सांगितलेली चेष्टा मी मन लावून करतेय, असंच त्यांना वाटलं असणार!

पण बाईंचं चित्र बघणं कसं सांगू तुम्हाला! आम्ही पोरं देवळात शिरलो की लगेच शैली कोणती, काळ कोणता, सुरू. बाई मुळी बोलायच्याच नाहीत. जमिनीवर मांडी घालून एका भिंतीपुढे सगळी दुपार बसल्या. मलाही बसवलं. "आधी बघ," एवढंच म्हणाल्या. मला तासाभरात मुंग्या आल्या. मग जांभया आल्या. आणि मग, देवाशप्पथ, ती भिंत उजळायला लागली! आधी एक पोपट दिसला. मग बाया दिसल्या. त्यातल्या बुंदेली बाया घागऱ्यात, आणि दोन नऊवारीत. गौरीला आई नेसते तशी नऊवारी. मी बघत राहिले आणि एकदम किंचाळले.

"बाई! ह्यानं कासोटा पुढे काढलाय!"

खरंच हो! काष्टा मागे खोचतात की नाही? त्या चित्रकारानं तो पोटावर खोचला होता!

बाईंनी मला मिठीच मारली. "मला सकाळीच दिसला होता तो," त्या म्हणाल्या. "तुला कधी दिसतो त्याची वाट बघत होते."

"पण बाई, एवढा चांगला चित्रकार असा कसा चुकला?"

"इकडचाच असणार गं तो. मराठ्यांच्या बायकांचा काष्टा कुणाकडून तरी ऐकला असेल. आता परक्या बायका पाठमोऱ्या झाल्यावर टक लावून बघायचं कसं? सभ्य माणूस होता बिचारा!" आणि मग त्या हळूच म्हणाल्या, "चुकलाय, पण चेहरे बघ. किती आदरानं काढलेत."

मी बघितले. खरं सांगते, तीन वर्षं मी कलेचा इतिहास पाठ करत होते. त्या दुपारी तो मला पहिल्यांदा दिसला.

आता येते खरी गंमत. बाईंच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी विभागात चहापान होतं. आम्ही सगळे विद्यार्थी भिंतीला टेकून उभे, सर समोसे वाढतायत. बाईंनी बशी बाजूला ठेवली आणि उठून उभ्या राहिल्या. चेहरा लाल! बाईंना हिंदी चांगली येत होती, पण राग आला की माणूस कुठल्या भाषेत शिरेल सांगता येत नाही.

"सक्सेनाजी, मैं चुप रहने वाली थी, पर अब नहीं रहा जाता. आप बच्चों को शिक्षा देना बंद कीजिए!"

सरांच्या हातातला चिमटा समोशासकट थबकला.

"जी? शिक्षा बंद कर दूँ?"

"एकदम बंद! इतने बड़े बच्चे, इन्हें शिक्षा देते आपको शरम नहीं आती?"

"शरम? मैडम, पच्चीस साल से दे रहा हूँ! इसी की तनख्वाह मिलती है!"

"और अभिमान से बता रहे हैं! हमारे महाराष्ट्र में शिक्षा कब की बंद हो गई!"

"महाराष्ट्र में शिक्षा बंद हो गई?" सर मटकन खुर्चीत बसले. "अखबार में तो कुछ नहीं आया!"

"शिक्षा से बच्चे बिगड़ते हैं! डर जाते हैं!"

"तो... तो बच्चों को दें क्या?"

"प्रेम दीजिए!"

सर माझ्याकडे बघतायत, मी सरांकडे. माझ्या मनात आलं, एवढ्या विद्वान बाई आणि शिक्षणाच्या विरुद्ध? मग यांनी पुस्तक कसं लिहिलं?

तेवढ्यात बाई माझा हात धरून म्हणाल्या, "इस बेचारी को आप घर बुलाकर खड़ा करते हैं, पैर दुखने तक! इसको पनिशमेंट कहते हैं, सक्सेनाजी, पनिशमेंट!"

पनिशमेंट!

माझ्या डोक्यात दिवे लागले. एक नाही, सगळे. शिक्षा! चेष्टा! खाली! पायाखालची फरशी सरकली. मी सगळ्यांसमोर कान पकडले आणि अर्धं रडत, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत सगळं सांगितलं. तीन अर्धी झाली ना? त्या दिवशी तीनच झाली होती.

सर असे हसले, असे हसले की चष्मा चटणीत पडला. बाई डोळे पुसत पुसत हसत होत्या. मग त्यांनी सरांपुढे हात जोडले. "माफ कीजिए. अब वो शिक्षा मुझे भी दीजिए, जो इसे देते थे."

सर उठले. एक पाय सैल केला, कंबर एका बाजूला, मान दुसऱ्या बाजूला. बाईंनी पदर खोचला आणि शेजारी तशाच उभ्या राहिल्या. समोशांच्या टेबलापुढे ते दोघं साठीकडे झुकलेले विद्वान, त्रिभंगात! वर्गातलं कुणी हसलं नाही. एवढे सुंदर दिसत होते ते.

निवड माझीच झाली. बाई म्हणाल्या, "भाषा सुधारते गं. नजर मात्र आणावी कुठून?"

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर पोचवायला गेले. बाई खिडकीशी बसल्या होत्या. तुमच्यामुळे मला भिंतींचं वेड लागलं, हे मला सांगायचं होतं. हिंदीत आम्ही म्हणतो ना, लगन लग गई? शब्द निवडून घ्यायला वेळ कुठे होता? गाडी हलली आणि मी खिडकीबरोबर धावत ओरडले, "बाई! तुमच्यामुळे माझं लगन लागलं!"

"अगं, कधी?" बाई दचकून बाहेर वाकल्या. "कुणाशी?"

"भिंतीशी!"

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या पुण्याच्या एक आजीबाई खिडकीतून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाल्या, "अरेरे! इकडे मराठी स्थळं मुळीच मिळत नाहीत वाटतं?"