शेपटीतल्या माणसाचं सुतक

नव्या वर्षाला नाचवायच्या कापडी सिंहाला आतून दोन माणसं लागतात. डोक्यातला डोळे मिचकावतो, कान हलवतो आणि वाहवा घेतो. शेपटीतला कमरेत वाकून पुढच्याचा पट्टा धरतो आणि घाम गाळतो. चीनमधल्या फोशानजवळच्या त्या गावात माक सुई-हिंग तरुणपणापासून शेपटीत. डोक्यात त्याला कुणी घेतलं नाही, आणि त्या भल्या माणसाने कधी मागितलंही नाही. नव्या वर्षाच्या फोटोंत त्याचे नुसते पाय दिसत. त्याची बायको वान-हा मात्र त्या पायांवर बोट ठेवून पाहुण्यांना सांगायची, "हे आमचे."

ढोलावर तिचा थोरला भाऊ, पाक-चुन. पथकाचा उस्ताद तोच. ढोल सांगेल तसं सिंहाने उठायचं, बिचकायचं, झोपायचं. त्याच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

गावात एक नियम होता आणि त्यावर कधी चर्चा होत नसे. ज्याला सुतक आहे त्याने सिंहाला हात लावायचा नाही. सिंह अरिष्ट पळवून लावतो. सुतकातला माणूसच त्याच्या पोटात शिरला, तर सगळ्या गावाचं वर्ष नासतं.

त्या हिवाळ्यात वान-हाने अंथरूण धरलं. पोटात गाठ होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुई-हिंग तिच्या उशाशी बसून राहिला, त्याचा पाय निघेना. पण शेपटी सांभाळणारं दुसरं कुणी गावात उरलं नव्हतं, तरणी माणसं सगळी कारखान्यांत गेलेली. शेवटी तीच म्हणाली, "जा तुम्ही. पण हिरवं तोडलंत की तडक या. मला एकटीने जायची भीती वाटते." शेजारणीला तिच्यापाशी बसवून तो निघाला.

पूर्वजांच्या मंदिरापुढे बाकं रचली होती आणि वर बांबूला 'हिरवं' म्हणून लेट्यूसचा गड्डा टांगला होता. सिंह तो तोडणार, पानं लोकांवर उधळणार, आणि ज्याच्या अंगावर पान पडेल त्याची वर्षभराची ददात मिटणार. सुई-हिंगला कापडाखालून यातलं काही दिसत नव्हतं. पुढच्याच्या टाचा तेवढ्या दिसत होत्या.

तो बाकावर पाय ठेवणार, एवढ्यात ढोल अडखळला. पाक-चुनचा ठोका आजवर कधी चुकला नव्हता. मग ढोल पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात. सुई-हिंग चढला, पुढच्याला उचलून त्याने मांडीवर उभं केलं, गड्डा तुटला, पानं उडाली. लोक पानं वेचून खिशात घालू लागले.

कापडातून तो बाहेर आला, तर ढोलापाशी शेजारीण उभी होती. रडून तिचे डोळे सुजले होते.

"मी मघाशीच आले होते," ती म्हणाली. "म्हटलं, तिची घटका भरली, तिच्या नवऱ्याला सोडा. दादा म्हणाले, हिरवं तोडू दे. मी परत पळत गेले तर ती गेलेली, ढोल तेव्हाही वाजत होता."

सुई-हिंगने मेव्हण्याकडे पाहिलं. पाक-चुनच्या हातात अजून टिपऱ्या होत्या.

"सिंह अर्ध्यावर टाकता येत नाही, सुई," तो म्हणाला. "मला वाटलं, तेवढी तग धरेल ती."

"तुझी बहीण होती," सुई-हिंग म्हणाला. उभ्या आयुष्यात त्याने पाक-चुनला ऐकवलेलं हे एवढंच.

संध्याकाळी पुजाऱ्याने मरणाची वेळ विचारली. तिचे सगळे विधी त्याच वेळेवरून ठरायचे. मागे गावकरी उभे होते. खरी वेळ सांगितली, की सुतकाच्या माणसाने सिंह नाचवला हे उघड झालं असतं, आणि वर्षभरात कुणाची म्हैस मेली किंवा कुणाचं पोर आजारी पडलं तरी खापर वान-हाच्या माथी फुटलं असतं. जन्मभर कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेल्या बाईच्या. शेजारीण जमिनीकडे बघत राहिली.

"सिंहाने हिरवं तोडल्यानंतर," सुई-हिंग म्हणाला. "मी घरी आलो, मग गेली."

पुजाऱ्याने त्या खोट्या वेळेवर हिशेब मांडला. गावकरी एकेक करून पुढे आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून समजूत काढू लागले, की तू वेळेवर पोचलास, निदान तिला एकटीला जावं लागलं नाही. तो प्रत्येकाला हो म्हणत राहिला.