बशीतल्या दोन गोळ्या

दाफिनाला पहिली गोळी मी दिली. हे आधीच सांगून मोकळी होते. नंतर सांगायचं ठेवलं तर मी चार सबबी जोडीन, मला माझा स्वभाव ठाऊक आहे.

आमच्या श्तिप गावातल्या शर्टांच्या कारखान्यात मी तीस बायकांच्या रांगेवर मुकादम होते. आवाज असा की मशीनांच्या खडखडाटातही शेवटच्या बाईला ऐकू जावा. दाफिना कॉलर शिवायची. एकवीस वर्षांची, नुकतीच लग्न झालेली, आणि हात इतका साफ की तिच्या कॉलरीचं टोक मी बोट लावूनही तपासायची नाही. पण कॉलर शिवायची म्हणजे आठ तास मान खाली. तिसऱ्या महिन्यात तिची मान धरली. कळ मानेतून निघायची आणि डोक्यात शिरायची. एका सकाळी ती मशीनवर डोकं टेकून बसली, आणि नेमका त्याच दिवशी जर्मनीला माल जायचा होता.

माझ्या खणात सुया, खडू आणि गोळ्यांची पाकिटं शेजारी शेजारी असायची. सकाळच्या सुट्टीत कॉफीचं तबक फिरायचं, आणि जिचं काही दुखत असेल तिच्या बशीत मी एक पांढरी गोळी ठेवायची. साखर विचारावी तसं विचारायचे, "गोळी हवी का गं?" घरोघरी हेच होतं. पाहुणीने कपाळाला हात लावला की यजमानीण उठून डबा काढायची. तिने तोंडाने मागायची वेळ आली तर यजमानणीची शोभा व्हायची.

"मला सवय नाही गोळीची," दाफिना म्हणाली.

"कॉफीची तरी आईच्या पोटातून होती का? घे. दुपारपर्यंत कॉलरी हव्यात मला."

तिने घेतली. अर्ध्या तासाने ती गुणगुणायला लागली. "वेलिका, मानेवरनं पोतं उतरवल्यासारखं वाटलं बघ," असं म्हणाली. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. दुपारी कॉलरी मोजून घेतल्या, त्यात एकही परत करावी लागली नाही.

मग रोज एक झाली, मग दोन. कारखाना बंद पडला, रांग मोडली, दाफिना घरी मशीन घेऊन बसली. तिचा नवरा कोले वारला. लेक नेवेना लग्न होऊन परदेशी, मारिबोरला गेली. आमची घरं समोरासमोर, त्यामुळे दोघी विधवा झाल्यावर सकाळची कॉफी एकीकडे, दुपारची दुसरीकडे, असं ठरूनच गेलं. तोवर तिच्या पिशवीत कायम तीन पाकिटं असायची. घराची किल्ली विसरेल, पण ती पाकिटं नाही. मी चिडवायची, "अगं, जेवतेस तरी कधी? का गोळ्यांवरच पोट भरतं?" ती हसायची. "घेतली नाही की डोकं फुटतं. म्हणजे मला ती लागतेच ना?" मला ते पटायचं. डोकं दुखतं म्हणून गोळी, यात चूक काय? किती घेते ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ती दोनच म्हणाली असती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सप्टेंबरात आम्ही गल्लीत हिवाळ्याच्या चटणीसाठी लाल मिरच्या भाजत होतो. प्रत्येक दारात शेगडी, सगळीकडे धूर. दाफिना भाजलेल्या मिरच्यांची सालं काढत होती आणि मधेच हात खाजवत होती. तिने वर बघितलं तेव्हा मला तिचे डोळे पिवळे दिसले. मी म्हटलं, "धुराने डोळे बघ कसे झालेत तुझे." ती म्हणाली, "तुझे कुठे मोठे गुलाबासारखे आहेत." सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी ती पायरीवर कोसळली.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. "दिवसाला किती घेता?" तिने विचारलं.

"दोन," दाफिना म्हणाली.

डॉक्टरीण नुसती बघत राहिली. शेवटी दाफिनाने तोंड भिंतीकडे फिरवलं. "अठरा. कधी वीस."

मी खुर्चीत बसले होते ती उभी राहिले. रोज दोनदा माझ्यासमोर कॉफी पिणारी बाई, आणि मला पत्ता नाही.

डॉक्टरणीने मग नीट उलगडून सांगितलं. या एका गोळीत दोन औषधं असतात. एक अफूच्या जातीचं. त्याने दुखणं दबतं, पण शरीराला चटक लागते आणि दर वर्षी जास्त मागतं. दुसरं साधं तापाचं औषध. अधूनमधून घेतलं तर त्याने काही होत नाही, पण रोज इतकं पोटात गेलं की ते यकृत खातं. "यांना हवं होतं पहिलं," ती म्हणाली, "दुसरं त्याच्याबरोबर फुकट जात राहिलं."

"आणि डोकं? ते तर खरंच दुखतं तिचं."

"आता ते गोळीमुळेच दुखतंय. उतार पडला की दुखतं, म्हणून परत घ्यायची, म्हणून परत दुखतं."

"पण दुकानात तर चिठ्ठीशिवाय मिळते," मी तिला खोटं पाडायला निघाल्यासारखी म्हणाले.

"मिळते हो," ती म्हणाली. दमलेली होती बिचारी.

या खेपेला यकृत सावरेल, पण पुन्हा त्याच वाटेने गेलात तर सावरणार नाही, असं तिने दाफिनाच्या तोंडावर सांगितलं. चटक हळूहळू उतरवायला वेगळं औषध दिलं आणि दर गुरुवारी व्यसनमुक्तीच्या खोलीत यायला सांगितलं. दाफिना एकदाच गेली. बाकावर दोन दारुडे होते आणि तिसरा होता आमच्याच कारखान्याचा जुना दरवान. "त्याने मला नमस्कार केला, वेलिका," ती रडत म्हणाली. "मी काय पिणारी बाई आहे?" पुढच्या गुरुवारी ती गेली नाही. मी तिला मानगुटीला धरून न्यायला हवं होतं. तीस बायकांना धाकात ठेवलेली मी, त्या दिवशी तिच्याबरोबर बसून रडले.

नेवेना दहा दिवस राहून गेली. घरातली सगळी पाकिटं शोधून फेकली. उशीच्या अभ्र्यातली, पिठाच्या डब्यातली, कोलेच्या जुन्या बुटातलीसुद्धा. औषधाच्या दुकानांत जाऊन आईला गोळ्या देऊ नका म्हणून हात जोडले. जायच्या सकाळी माझ्याकडे आली. "मावशी, तुमच्यावर सोडून जातेय. तिच्या हातात गोळी दिसली तर मला त्याच क्षणी फोन करा." मी पावावर हात ठेवून, शपथेवर कबूल केलं.

"आणि गल्लीत काही बोलू नका," ती म्हणाली. "आई लाजेने मरेल."

म्हणून गल्लीला आम्ही पित्त सांगितलं. पित्त वाढलंय, तेलकट वर्ज्य, बास. शेजारच्या त्रायांका, स्तोयना, सगळ्यांना पित्तच माहीत. हीच आमची चूक. लाज राखायच्या नादात आम्ही तिला मोकळं रान दिलं.

नेवेना गेल्यावर पहिला आठवडा भयंकर गेला. नाक वाहतंय, अंगावर काटा, पाय एका जागी ठरत नाहीत. मी रस्सा करून न्यायची, ती शिव्या घालायची. "तू मुकादमच राहिलीस गं, मेले," म्हणायची. मी ऐकून घ्यायची. नवव्या दिवशी गेले तर न्हाऊन, केस विंचरून बसलेली. मशीनवर त्रायांकाचे पडदे. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच नेवेनाला फोन लावला. "बरं वाटतंय तिला. शिवायला बसली आहे."

तेव्हापासून दाफिना सगळ्या गल्लीचं शिवायला लागली. कुणाची चेन बसवून दे, कुणाच्या पँटची लांबी कमी कर, कुणाच्या पडद्याची पट्टी. पैसे घ्यायची नाही. काम झालं की स्वतः घरी नेऊन द्यायची. चालणं होतंय, चार माणसांत मिसळतेय, म्हणून मी खुश. घरोघरी तिला कॉफी मिळायची. तिथे बसून ती तोंडाने काही मागायची नाही. नुसता कपाळाला हात लावायची.

नोव्हेंबरात ती माझ्याकडे आली. माझ्या एप्रनचा फाटका खिसा लावून आणला होता. मी कॉफी ठेवली. दोन घोट घेतले आणि तिने कपाळाला हात लावला.

"दाफिना, नाही."

"दोनच. इतक्या दिवसांत गोळीला शिवलेसुद्धा नाही मी."

"डॉक्टरीण काय म्हणाली ते विसरलीस?"

"तिने कॉलरी शिवल्यात का कधी?" मग तिने कप खाली ठेवला. रागाने नव्हे, अगदी साधेपणाने म्हणाली, "पहिली दिलीस तेव्हा मी नको म्हणत होते, वेलिका."

मी उठले. माझ्या गुडघ्यासाठी ठेवलेलं पाकीट भांड्यांच्या कपाटात होतं. त्यातल्या दोन मी तिच्या बशीत ठेवल्या. तिचा चेहरा बघवत नव्हता म्हणून खिडकीबाहेर बघत बसले.

मग मंगळवारी आणि शुक्रवारी, असं ठरलं. मी मनाशी हिशोब मांडला होता. आठवड्याला चार, कुठे वीस आणि कुठे चार. चारांनी काय होतंय? पावावर ठेवलेला हात आठवायचा, तेव्हा मी उठून भांडी घासायला घ्यायची. नेवेना दर रविवारी फोन करायची. "आई कशी आहे, मावशी?" मी म्हणायची, "बरं वाटतंय तिला." ते खोटं नव्हतं. ती हसायची, गुणगुणायची, तिच्या हातचं काम पूर्वीसारखं साफ झालं होतं.

जानेवारीत ती पुन्हा पिवळी पडली. या वेळी पोट फुगलं आणि बोलणं भरकटलं. नेवेना पोचायच्या आदल्या दिवशी मी उशाशी बसले होते. तिने मला ओळखलं, पण तीस वर्षांपूर्वीची मुकादम म्हणून. "झाल्या का गं कॉलरी सगळ्या?" तिने विचारलं.

"झाल्या. तू झोप."

"परत नाही ना आली एकही?"

"एकही नाही," मी म्हणाले.

डॉक्टरीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "रक्तात औषध सापडलंय. कुठून मिळत होतं?" मी म्हणाले, मला नाही माहीत. ती बघत राहिली, दाफिनाकडे बघितलं होतं तशीच. मी मान फिरवली नाही. तिसऱ्या दिवशी दाफिना गेली.

चाळिसाव्या दिवशी, रीतीप्रमाणे, आम्ही सगळ्या थडग्यावर गेलो. थंडी होती, पण ऊन पडलं होतं. नेवेनाने शिजवलेले गहू आणले होते, कुणी पाव, कुणी चीज. मेलेल्या माणसाला जे आवडायचं ते आम्ही थडग्यावर ठेवतो, म्हणून त्रायांकाने घरून कपबशी आणली होती. थर्मासमधली कॉफी ओतली, कपबशी दगडावर ठेवली, मग पर्स उघडून दोन पांढऱ्या गोळ्या काढल्या आणि बशीत ठेवल्या.

"तिला नुसती कॉफी जायची नाही गं," असं म्हणून ती रडायला लागली.

नेवेना सगळ्यांना गहू वाटत होती. तिचा हात थांबला. "त्रायांका मावशी, हे काय?"

"तिच्यासाठी ठेवल्यात. माझ्याकडे आली की मी द्यायची. दोनच हं, जास्त नाही. डोकं फार दुखायचं बिचारीचं."

"माझ्याकडेही दोनच घ्यायची," स्तोयना म्हणाली. "सकाळी यायची ना, चेन बसवली त्यानंतर रोजच."

"माझ्याकडे दुपारी," मागून कुणी म्हणालं. आणखी एक जण म्हणाली, तिच्याकडेही. सगळ्या मायेने सांगत होत्या, तिला कोणी काय खाऊ घातलं ते सांगावं तसं. थडग्याभोवती आम्ही नऊ जणी होतो. नेवेना एकेकीकडे बघत गेली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून एकेक बाई गप्प होत गेली. शेवटी तिने माझ्याकडे बघितलं.

"मावशी, तुम्ही?"

माझा तो आवाज, शेवटच्या मशीनपर्यंत जाणारा, कुठे गेला कोण जाणे. "दोनच," मी म्हणाले.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही दर रविवारी मला सांगायचात," ती म्हणाली, "बरं वाटतंय तिला."

"वाटत होतं गं," मी म्हणाले. "खरंच वाटत होतं."

नेवेनाने बशीतल्या गोळ्या उचलून रुमालात बांधल्या. बशी स्वेटरच्या लोकरी बाहीने पुसली, कप परत तिच्यात नीट ठेवला. मग खाली बसून थर्मास उघडला आणि आम्हा सगळ्यांसाठी कॉफी ओतायला लागली. एकेकीला पेला देत ती माझ्यापाशी आली. मलाही दिला.