हंगामी कोच कायम

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी सकाळी साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन आला. टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडपासून अडीच तासांवर असलेल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघात ती व्हिडिओ विश्लेषक होती. फुटबॉल म्हणजे इथला, अंडाकृती चेंडूचा. शनिवारी सामना झाला की रविवारी प्रत्येक चालीची चित्रफीत वेगळी कापायची, तिला आकडे जोडायचे आणि दुपारपर्यंत प्रशिक्षकांकडे द्यायची, हे तिचे काम.

"दादा, कोचला काढलं."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. फोनवर नोटिफिकेशन आलं. त्याच्याच मॅचचे तुकडे कापत बसले होते मी."

नवा हेड कोच येताना आपली माणसे घेऊन येतो. सहायक, व्यायामवाले, व्हिडिओवाले, सगळे. ही इथली रीत आहे आणि तिच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. बहिणीचा व्हिसा नोकरीला बांधलेला होता. नोकरी सुटली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. उरलेल्या हंगामासाठी एका सहायकाला हंगामी कोच नेमले होते. तोच कायम झाला तर व्हिडिओची खोली जशीच्या तशी राहणार होती. बाकी कोणीही आला तरी ती रिकामी होणार होती.

आमच्यापासून चौथ्या घरात एक काका राहतात. मूळचे सांगलीचे. त्याच विद्यापीठात शिकले, तेल कंपनीत इंजिनिअर होते, आता निवृत्त आहेत. संघाचे सीझन तिकीट त्यांनी कधी सोडलेले नाही. कोचच्या हकालपट्टीने ते खूश होते. सोमवारी त्यांनी मला गॅरेजमध्ये बोलावले. इस्त्रीच्या टेबलावर दोन लॅपटॉप उघडे होते. एकावर चाहत्यांचा फोरम, दुसऱ्यावर आकाशातली विमाने दाखवणारा नकाशा. चाहते देणगीदारांच्या खासगी विमानांवर नजर ठेवतात आणि विमान ज्या गावी उतरेल तिथला कोच येणार, असे धरून चालतात.

"हे बघा, आपल्या डोनरचं विमान. सकाळी ओहायोला गेलं. कशाला गेलं असेल? पिठलं-भाकरी खायला?"

"धंद्याच्या कामाला गेलं असेल, काका."

"अहो पत्रकार, तुम्ही फार थंड माणूस आहात."

नागपूरच्या एका दैनिकात मी अकरा वर्षे उपसंपादक होतो. मुख्यमंत्री बदलायची वेळ आली की आमच्याकडे जे चाले, तेच फोरमवर चालले होते. नावे चर्चेत होती, सूत्रे विश्वसनीय होती, निर्णय कधीही होणार होता. आमच्या डेस्कवर याला पुडी सोडणे म्हणत. नाव ज्याला पुढे रेटायचे असेल तोच बहुधा पुडी सोडायचा.

"तुमच्या बहिणीला विचारा की आतलं," काका म्हणाले.

"ती हाच फोरम वाचते."

"काय सांगता!"

त्या आठवड्यात बहीण आणि मी रोज रात्रीच्या जेवणाआधी फोनवर बोलायचो. फोरमवर नाव आले की त्या कोचने मागच्या ठिकाणी जाताना किती जुन्यांना ठेवले होते, ते ती शोधून काढायची. त्याने सामने किती जिंकले, हे आम्ही पाहत नव्हतो. सात नावे तपासली. व्हिडिओच्या खोलीतले कोणी ठेवलेले आढळले नाही.

हंगामी कोच मात्र चाहत्यांना नको होता. "तो चांगला माणूस आहे, पण माझ्या बायकोलाही त्याच्यापेक्षा जास्त डावपेच येतात," असे काकांचे मत होते. विद्यापीठाचा क्रीडा संचालक फोरम वाचतो आणि वारा बघून निर्णय घेतो, हेही त्यांनी मला ठामपणे सांगितले.

बहिणीच्या हातात आणखी एक गोष्ट होती. दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठाच्या रुग्णालयाने तिला आकडेवारीच्या कामासाठी नोकरी देऊ केली होती. व्हिसा तिकडे नेता येत होता. उत्तर शुक्रवारी दुपारपर्यंत द्यायचे होते. ते काम तिला नको होते. फुटबॉलच्या त्या खोलीत ती एकटीच बाई होती आणि तिथे टिकायला तिला चार वर्षे लागली होती.

मंगळवारी दुपारी मी फोरमवर खोट्या नावाने खाते उघडले आणि तीन वाक्ये लिहिली. निर्णय झाला आहे. हंगामी कोचच कायम होईल. त्याने पुढच्या हंगामाच्या सरावाचे वेळापत्रक मागवून घेतले आहे. तिसरे वाक्य खरे होते. सोमवारी रात्री बहिणीनेच ते बोलता बोलता सांगितले होते. बातमीत विशेषणे नसावीत आणि एक तरी लहान, पडताळता येणारा तपशील असावा, हे मी नव्या लोकांना शिकवत असे. हंगामी कोचबद्दलचा विरोध थोडा बोथट व्हावा आणि संचालकाला ते दिसावे, एवढाच हिशेब होता.

संध्याकाळी काका फाटकातच भेटले.

"वाचलंत? संपलं सगळं. स्वस्तात पटवला त्याला."

"एका माणसाने लिहिलंय, काका."

"पण कसं लिहिलंय बघा ना. बढाई नाही, शिवीगाळ नाही. ज्याला माहीत असतं तो असंच लिहितो."

बुधवारी ती तीन वाक्ये आणखी दोन फोरमवर गेली. गुरुवारी एका खेळाच्या संकेतस्थळाने 'अशी चर्चा आहे' म्हणून छापले. गुरुवारी संध्याकाळी बहिणीचा आवाज रविवारनंतर प्रथमच मोकळा होता.

"दादा, हे आतल्याच कुणीतरी लिहिलंय. वेळापत्रकाचं बाहेर कुणालाच माहीत नाहीये." मला सांगितलेले ती विसरली होती. "तू इतकी वर्षं हेच केलंस ना? तुला काय वाटतं, खरं असेल?"

"एका सूत्रावर विसंबू नये."

"एक कुठे? चार ठिकाणी आलंय यार."

चारही ठिकाणी माझीच तीन वाक्ये होती. हे सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "रुग्णालयाकडे मुदत मागून बघ."

"मागितली. नाही म्हणाले."

"मग नीट विचार कर."

फोन ठेवल्यावर मी असा विचार केला, की बातमी खरी ठरण्याची शक्यता अजून आहे, आणि खरी ठरली तर सांगण्यासारखे काही उरणार नाही. शुक्रवारी सकाळी फोन करायचे ठरवले. सकाळी बायकोची गाडी दुरुस्तीला न्यावी लागली. दुपारी पावणेदोनला फोन केला तेव्हा तिने रुग्णालयाला नकार कळवून तास झाला होता.

पुढच्या बुधवारी देणगीदाराचे विमान विद्यापीठाच्या गावी उतरले. त्यातून नवा कोच उतरला. त्याच्यामागे चार माणसे उतरली. फोरमवर त्यांचे फोटो आले तेव्हा बहिणीने त्यातला एक मला पाठवला आणि डावीकडून दुसऱ्यावर गोल काढला. तो तिचे काम करणार होता. तिला शुक्रवारी बोलावून घेतले. बोलणे पाच मिनिटांत झाले. प्रवेशाचे कार्ड तिथेच जमा करून घेतले. रुग्णालयातली जागा भरली होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती आमच्याकडे राहायला आली. काका पेढे घेऊन आले.

"घे गं, तोंड गोड कर. असा माणूस आपल्याला मिळेल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. आणि तू सुट्टीवर का? आता तर खरं काम."

"त्याने आपली माणसं आणली, काका."

काका डबा धरून उभे राहिले. "मग आपण त्याला लेटर लिहू. इतकी वर्षांची तिकिटं आहेत माझी. आमची मुलगी आहे म्हणून सांगतो."

"काका, त्याला माझंही नाव माहीत नाही आणि तुमचंही," ती म्हणाली. तिने पेढा घेतला आणि खाल्ला.

तिने रोज अर्ज पाठवले. तीन मुलाखती झाल्या. दोघांनी व्हिसाचे ऐकून थांबवले, तिसऱ्याने कळवलेच नाही. साठ दिवस संपत आले तेव्हा, जानेवारीच्या शेवटी, तिने परतीचे तिकीट काढले.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ती बैठकीत बॅग भरत होती. मी तिला सांगितले, "ती पहिली पोस्ट माझी होती."

ती स्वेटरची घडी घालत होती. "कधी टाकलीस?"

"मंगळवारी."

"म्हणजे गुरुवारी मी विचारलं तेव्हा..."

"हो."

तिने घडी पूर्ण केली. मग वजनकाटा कुठे आहे, असे विचारले. मी आणून दिला. बॅग सत्तेचाळीस पौंड भरली.

दुसऱ्या दिवशी विमानतळापर्यंतच्या तासाभरात ती रस्त्याबद्दलच बोलली. कोणत्या लेनमध्ये राहायचे, मागून ट्रक येतोय, असे. ती आता नागपूरला असते. फोन करते तो बायकोच्या नंबरवर करते. मी घरात असलो तर बायको स्पीकर लावते. मग ती म्हणते, "वहिनी, स्पीकर बंद करा, आवाज घुमतो."