भावाचं कांस्यपदक

माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. व्हॉलीबॉल मात्र असा खेळतो, की रस्त्यानं जाणाऱ्यानं थांबून बघावं. दोन वर्षांपूर्वी कर्णबधिरांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी देशाच्या संघात त्याची निवड झाली आणि तो परदेशी गेला. आई-वडील लासूर स्टेशनला, मी लग्नानंतर शहरातल्या छावणी भागात. भावाच्या खुणा घरात सगळ्यांत चांगल्या मला कळतात, हे लहानपणापासून ठरलेलं. त्यामुळं तो व्हिडिओ कॉल मला करायचा आणि मी घरी कळवायचे.

शेवटच्या सामन्यानंतर त्याचा कॉल आला. चित्र अडकत होतं. गळ्यात पदक दिसलं, त्यानं तीन बोटं वर केली आणि कॉल तुटला. मी लगेच वडिलांना फोन लावून सांगितलं, तिसरे आले, कांस्य मिळालं. संध्याकाळपर्यंत स्टेशनजवळच्या चौकात भावाच्या फोटोचं बॅनर लागलं.

तो परतला तेव्हा मला पहिल्यांदा खटकलं. त्याची गाडी आधी लासूरला थांबते, मग इथं येते. तो लासूरला उतरलाच नाही, थेट माझ्या दारात आला. पेढा दिला तर न खाता वाटीत ठेवून दिला. पदक दाखव म्हटलं तर मान फिरवली. दुसऱ्या दिवशीही घरी जायचं नाव नाही. वडील फोनवर म्हणाले, "का येईना तो? हार सांगून ठेवलेत. लोक इचारायलेत." थकलाय, अशी थाप मी मारली.

तो अंघोळीला गेल्यावर मी त्याची बॅग उघडली. लाज वाटत होती, तरी उघडली. पदक मोज्यांखाली होतं. त्यावर स्पर्धेचं चिन्ह होतं, क्रमांक कुठंच नाही. भाग घेणाऱ्या प्रत्येकाला देतात तसलं. मग मोबाइलवर निकाल शोधले. आपला संघ गटात सगळ्यांत खाली होता. तीन सामने, तिन्ही हरलेले.

एकदा शंका आली की ती कुठंही जाते. शाळेत असताना त्यानं प्रगतिपुस्तक लपवलं होतं, ते आठवलं. हा संघात तरी होता का, म्हणून जर्सीतले त्याचे फोटो मी मोठे करून करून पाहिले. नवरा म्हणाला, बॅग कशाला उचकतेस, त्याला सरळ विचार.

तो बाहेर आला तसं मी पदक त्याच्यापुढं धरलं आणि खुणेनं विचारलं, खोटं का सांगितलंस?

त्यानं पदक माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं. मग मोबाइल घेऊन त्यानं टाइप केलं, "खोटं तू सांगितलंस. मी सांगितलं, तिन्ही हरलो."

त्यानं खूण पुन्हा केली. तीन बोटं, आणि मग तळहात खाली पाडला. तो दुसरा भाग अडकलेल्या चित्रात माझ्यापर्यंत आलाच नव्हता, आणि मी विचारलंही नव्हतं. बॅनरचा फोटो त्याला विमानतळावर असतानाच कुणीतरी पाठवला होता. बहिणीनं मुद्दाम वाढवून सांगितलं, असं तो धरून बसला होता. दोन दिवस मी त्याच्यावर नजर ठेवून होते आणि तो माझ्यावर.

त्यानं आणखी एक ओळ लिहिली. "हरलो म्हणून तुला माझी लाज वाटली का?"

मी नुसतं त्याचं मनगट धरलं.

वडिलांना मी त्याच्यासमोरच फोन करून चूक माझी असल्याचं सांगितलं. फोन चालू असतानाच त्यांनी कुणाला तरी बॅनर काढायला सांगितलं. मग विचारलं, "खेळला का पण?"

"तिन्ही सामने खेळला."

"मग आण त्याला घरी."

आम्ही पोचलो तोवर बॅनर काढलेलं होतं. विचारणाऱ्या प्रत्येकाला वडील शांतपणे सांगत होते, पोरगा हरला, कळवताना पोरीनं घोटाळा केला.

भाऊ आता पुन्हा सरावाला जातो. त्याचे कॉल येतात, पण फोन ठेवण्याआधी मला काय कळलं, ते तो माझ्याकडून खुणांनी पुन्हा करून घेतो.